आत जाणारी गळती

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. याआधी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या एकाने मध्येच घड्याळ बघितलं, एकीला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, आणि एक सद्गृहस्थ "जरा आलोच" म्हणून उठले ते अजून यायचे आहेत. तरीही सांगतो, कारण अन्याय झालेला आहे. आणि तो कुणा सोम्यागोम्यावर नाही, साक्षात गळतीसाहेबांवर झालेला आहे.

गळतीसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. साहेबांची सगळी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली, आणि तीही जमिनीखालच्या फुटक्या पाइपांचा माग काढण्यात. हातात एक लाकडी दांडा असायचा. त्याचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "खणा." खणलं की पाणी! भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. एकदा तिथे पाण्याच्या जागी टेलिफोनची तार निघाली, हे खरं. पण साहेबांचं म्हणणं असं, की तीही तुटलेलीच होती. कुदळ लागण्याआधी तुटली की नंतर, हा तपशिलाचा भाग झाला.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीला गळती लागावी! गाडी मोतिया रंगाची, जुनी, त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी आणि मुलीपेक्षा जास्त ऐकणारी. पण अलीकडे तिला काय झालं कोण जाणे. सिग्नलला उभी राहिली, की इंजिन आपलं आपण चढायचं, घूंऽऽऽ, मग धपकन खाली यायचं, मग परत वर. जणू कुणीतरी आत बसून जिना चढतंय, उतरतंय, आणि काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा चढतंय. मध्येच दम लागून बंदही पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि साहेब काच खाली करून त्यांच्याकडे असे बघायचे, की जणू बंद पडण्याचा निर्णय खूप विचारांती घेतलेला आहे. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीक आवाज होता. स्सऽऽऽ.

तो ऐकून साहेबांचे डोळे लकाकले. "गळती आहे," ते पत्नीला म्हणाले. "ऐक. माझ्या प्रांतात आली गाडी."

"तुमचा प्रांत पाण्याचा होता," पत्नी म्हणाल्या. "मेकॅनिकला दाखवा."

"मेकॅनिकची सावलीसुद्धा पडू देणार नाही!"

आता इथे नुसत्या गाडीचा प्रश्न असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण त्या मंगळवारी गाडीची सरकारी तपासणी होती. जुन्या गाड्यांना ती द्यावीच लागते, आणि ही शेवटची संधी होती. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात. तेही साहेबांनी छातीवर दगड ठेवून सोसलं असतं. पण भंगाराच्या पलीकडे मेव्हणा उभा होता.

मेव्हणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. फरशांचा व्यापार. गाडी नवीकोरी, एवढी मोठी, की ती वळत असताना आपण रस्ता ओलांडून परत येऊ शकतो. स्वभावाने गोड. हाच तर त्याचा दोष. भांडणारा असता तर साहेबांनी कधीच पाणी पाजलं असतं. पण हा म्हणायचा, "दाजी, कशाला त्रास करून घेता? द्या भंगारात. मी आहे ना! कुठं जायचं असेल तर नुसता फोन करा. ताईला गाडी लागते, ती पुढे बसेल. तुम्ही मागे. आरामात, पाय पसरून."

मागे!

ज्या माणसासाठी खात्याच्या जीपची पुढची सीट राखलेली असायची, आणि जो रजेवर असला तरी त्या सीटवर कुणी फाइलसुद्धा ठेवत नसे, त्या माणसाला मागे! साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मागे सामान ठेवतात," ते घरी येऊन कडाडले. "मागे छत्र्या ठेवतात. झोपलेली पोरं ठेवतात. मी काय आहे?"

"मग सामानासारखं गप्प तरी बसता येईल का, तेवढं सांगा," पत्नी म्हणाल्या. काही बायकांना भावापुढे न्याय दिसत नाही.

साहेबांनी तेव्हाच ठरवलं. गळती शोधायची ती आपणच. गाडी पास करायची, आणि मेव्हण्याच्या त्या चकचकीत गाडीची मागची सीट जन्मभर मेव्हण्याच्याच नशिबी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीखाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, कोपऱ्यातला दांडा आणला, एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर सोसायटीचा सेक्रेटरी.

सेक्रेटरी हा माणूस नसून एक नियमावली आहे, तिला पाय फुटलेले आहेत. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस मनाई आहे," तो म्हणाला.

"दुरुस्ती कुठे करतोय? ऐकतोय."

"ऐकायला हरकत नाही. पण तुम्ही बॉनेट उघडलंय. बॉनेट उघडलं की गाडीची उंची वाढते. वाढीव उंचीला शेजारच्या गाडीवाल्याची ना-हरकत लागते."

साहेबांनी उभ्या आयुष्यात रस्ते खणले होते, परवानगी न विचारता. आता स्वतःच्या गाडीचं झाकण उघडायला शेजाऱ्याची मिनतवारी! पण शेजारी होते प्रोफेसर, मनाने दिलदार आणि घरातून बाहेर पडायला कायम निमित्त शोधणारे. त्यांनी ना-हरकत दिलीच, शिवाय स्वतःही येऊन उभे राहिले. त्यांना बघून आणखी मंडळी जमली. उघडं बॉनेट आणि उघडी विहीर, माणसाला वाकून बघितल्याशिवाय राहवत नाही. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "कुठंतरी शिवण उसवली असणार, साहेब." पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत टॉर्च मारून विचारलं, "थंड लागलं की जास्त ठणकते का?" एकाने सुचवलं, की गाडी विकावी. हा तोच माणूस, ज्याला कुणी डोकं दुखतंय म्हणालं तरी घर विकायला सुचवतो.

साहेब कुणाचं ऐकणार? गळती सापडण्याची पक्की रीत त्यांना ठाऊक होती. साबणाचा फेस! पाइपावर फेस लावायचा, जिथून हवा बाहेर पडते तिथे बुडबुडा फुगतो, संपलं. या फेसावर त्यांनी बढत्या मिळवल्या होत्या. त्यांनी पत्नीच्या नकळत भांड्यांचा साबण वाडग्यात कालवला, दाढीचा ब्रश घेतला, गाडी चालू केली आणि इंजिनाला गाल समजून फेस चोपडायला सुरुवात केली.

बुडबुडा नाही.

इकडे लावला, तिकडे लावला. सगळीकडे फेस शहाण्यासारखा बसून राहिला. फक्त मागच्या बाजूला, एका बोटाएवढ्या रबरी नळीवर, लावला की गायब. पुन्हा लावला, पुन्हा गायब. आणि गंमत बघा, त्या जागी फेस लावला की इंजिनाचा जिना तेवढ्यापुरता थांबायचा. दोन श्वास शांत, मग पुन्हा घूंऽऽऽ.

तुम्ही खिडकीबाहेर काय बघताय? इथेच तर खरी मेख आहे. तुमच्या-माझ्यासारख्याने विचार केला असता, की फेस जातो कुठे? पण साहेब पडले जाणकार. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत एकही गळती अशी निघाली नव्हती जी फेस खाते. तेव्हा त्यांनी एका अनुभवी माणसाने काढावा तोच निष्कर्ष काढला: साबणात भेसळ आहे.

ते तडक वाण्याकडे गेले, वाडग्यासकट.

"फेस टिकत नाही!"

"भांड्यांवर टिकतो का?" वाण्याने विचारलं.

"भांड्यांवर टिकतो. इंजिनावर टिकत नाही."

वाण्याने साबणाची वडी उलटीसुलटी करून बघितली. "यावर इंजिनाचं चित्र कुठंय, साहेब?"

"चित्र नसलं म्हणून काय झालं? ग्राहकाला काही हक्क आहे की नाही?"

"आहे ना. भांडी घासण्याचा."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी त्याच रागात दुकानातला एकेक साबण आणून बघितला. कपड्यांचा, अंगाचा, बाळाचा. नळीने सगळे गिळले. घरात पत्नीच्या हाताला साबणाचा तुकडा लागेना, आणि इंजिन मात्र असं तुकतुकीत, की दातांच्या डॉक्टरीणबाई येता-जाता त्याचं कौतुक करायच्या.

मग प्रोफेसरांनी धुराची कल्पना काढली. त्यांचं म्हणणं, मोठ्या गॅरेजांत धूर सोडून बघतात. जिथून धूर डोकावला, तिथे भोक. "पण धूर आणायचा कुठून?" साहेबांनी विचारलं. प्रोफेसरांनी आधी वर आपल्या गॅलरीकडे बघितलं, मग खिशात हात घातला. त्यांनी सिगारेट सोडली होती, म्हणजे बायकोच्या समजुतीप्रमाणे सोडली होती. "शास्त्रासाठी माणसाला काही गोष्टी कराव्या लागतात," असं म्हणत त्यांनी एक पेटवली आणि चालू इंजिनाच्या नाकपुडीत, म्हणजे हवा आत जाते त्या तोंडाशी, गाल फुगवून धूर सोडला.

धूर गेला. सुर्रकन गेला. बाहेर कुठूनही आला नाही.

"आणखी सोडा," साहेब म्हणाले.

प्रोफेसरांनी आणखी सोडला. चेहरा कर्तव्यकठोर, डोळे सुखाने अर्धे मिटलेले. एक झाली, दुसरी पेटली. गाडी झुरक्यामागून झुरका घेत होती. एवढ्यात वरून हाक आली, "अहो! तो धूर कसला?"

"गाडीचा!" प्रोफेसर ओरडले.

"गाडीच्या तोंडात सिगारेट आहे का?"

प्रोफेसर जे वर गेले ते दोन दिवस दिसले नाहीत. साहेब एकटे उभे राहिले, त्या घूं-घूं करणाऱ्या इंजिनापुढे, आणि त्यांचा तोल सुटला. "फेस घालतोय, फेस गिळतेस! धूर सोडतोय, धूर पितेस! आत सगळं जातं, बाहेर काही म्हणून येत नाही! तू गाडी आहेस की सरकारी खातं?" आणि हे बोलल्यावर आपण स्वतः कुठल्या खात्यातून निवृत्त झालो हे आठवून त्यांना अधिकच राग आला.

सोमवार उजाडला. मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, उद्या मी गाडी घेऊन मागोमाग येतो."

"कशाला?"

"परत आणायला, तुम्हाला."

साहेबांनी फोन असा आपटला, की पलीकडे मेव्हण्याच्या दुकानातली फरशी तडकली. ही गोष्ट मेव्हणा मान्य करणार नाही, पण तो माल त्याने नंतर स्वस्तात काढला, हे त्याला विचारा.

खाली येऊन साहेबांनी गाडी चालू केली, बॉनेट उघडलं आणि नुसते बघत राहिले. दांडा नाही, साबण नाही, काही नाही. तेवढ्यात सेक्रेटरी आला. इमारतीत सिगारेटचा वास येतो अशी तक्रार होती, म्हणून नाकाला रुमाल लावून आला होता. रुमाल तलम, कोपऱ्यावर नाजूक भरतकाम. सेक्रेटरी बॉनेटमध्ये वाकला. "हे नक्की काय चाललंय," असं म्हणायला त्याने रुमाल नाकापासून जरा दूर धरला मात्र...

फट्ट!

रुमाल हातातून सुटला, हवेतून गेला आणि मागच्या त्या रबरी नळीला जळवेसारखा चिकटला. आणि इंजिन गप्प. म्हणजे बंद नव्हे, शांत. घूं नाही, जिना नाही, स्सऽऽऽ नाही. गाढ झोपलेल्या बाळासारखं एकसुरात चालू. साहेबांनी ते कान देऊन ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझा रुमाल!" सेक्रेटरीने हात घातला.

"हात लावू नका!" साहेब असे गरजले, की सेक्रेटरीचा हात जागच्या जागी थिजला.

प्रोफेसर गॅलरीत होते, जामिनावर सुटल्यासारखे. त्यांनी वरूनच सांगितलं, "अहो साहेब, इंजिन हवा आत ओढतं! नळीला चीर गेलीय, तिथून नको ती हवा आत घुसते, म्हणून ते बिथरतं. ही गळती बाहेर येत नाही, आत जाते!"

"आत जाते ती गळती कसली?" साहेब वर बघून कडाडले. "गळती म्हणजे बाहेर! आयुष्यभर मी बाहेर येणारी गळती शोधली. आत जाते तिला घुसखोरी म्हणतात! हिला गळती म्हणून माझ्याकडे पाठवलीच कशी?"

"म्हणजे जिथे साबण गायब होत होता, तिथेच..."

"खाली येऊन बोला!" प्रोफेसर खाली येऊ शकत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे साहेब हे ठणकावून म्हणाले. वाण्याची माफी मागावी का, असा एक विचार त्यांच्या मनात घुसू बघत होता, पण तीही घुसखोरीच समजून त्यांनी तो तिथल्या तिथे बुजवला.

आता नवी नळी टाकली की झालं, असं तुम्हाला वाटेल. साहेबांनाही वाटलं. ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "नमुना आणा. जुनी नळी बघितल्याशिवाय नवी देत नाही."

"जुनी काढली तर गाडी इथवर येणार कशी?"

"तुम्ही आत्ता कसे आलात?"

"चालत."

"मग तसेच या."

साहेब चालत परत गेले, नळीला हात लावणार, तो रुमाल आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला सेक्रेटरी. रुमाल त्याच्या बायकोने लग्नाआधी स्वतः भरलेला होता, आणि तो घेतल्याशिवाय वर पाऊल ठेवायचं नाही, अशी त्याला वरून ताकीद होती. शेवटी दोघांनी मिळून, रुमाल न फाडता, नळी सोडवली. साहेब ती घेऊन धावले. दुकानदाराने नळी उजेडात धरली, वाकवली, आदराने परत दिली आणि म्हणाला, "अशी आता बनत नाही."

हे ऐकायला चालत जायचं! दोनदा!

तेव्हा मंगळवारी काय झालं ते ऐका. जुनी नळी पुन्हा बसवली, तिच्यावर रुमाल घट्ट गुंडाळला, आणि रुमाल एकटा पाठवायला तयार नाही म्हणून सेक्रेटरी मागच्या सीटवर. मागून मेव्हण्याची ती अजस्र गाडी, तिच्यात पुढे साहेबांची पत्नी. सख्खी! तपासणीच्या आवारात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "गाडीत काही बदल केलेत का?" साहेब म्हणाले, "नाही." सेक्रेटरी मागून म्हणाला, "एक रुमाल आहे." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "रुमालाला रकाना नाही," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

तपासणी अधिकाऱ्याने गाडीच्या धुराच्या नळकांड्यात यंत्राची नळी खुपसली. काटा असा स्थिर, की त्याने यंत्रावर टिचकी मारून बघितली. मग त्याने बॉनेट उघडलं.

"हे काय?"

"मूळ कंपनीचंच आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

"अजिबात नाही!" सेक्रेटरी उसळला. "माझं आहे! भरतकाम बघा!"

अधिकाऱ्याने भरतकाम बघितलं. मग इंजिन ऐकलं. मग डोकं खाजवलं. मग आतल्या सगळ्या अधिकाऱ्यांना बाहेर बोलावलं. सगळे बॉनेटभोवती कोंडाळं करून उभे राहिले, आणि त्यांतला जो सर्वांत ज्येष्ठ होता त्याने साहेबांचा हात हातात घेऊन विचारलं, "आपण पाणीपुरवठ्यातले गळतीसाहेब तर नव्हे?" आणि गाडी पास केली. नुसती पास नाही, पहिल्या वर्गात! एवढंच काय, आलीच आहे तर बघू म्हणून त्याने मेव्हण्याच्या नव्या गाडीलाही यंत्र लावलं, आणि ती नापास झाली! मग काय विचारता! मेव्हण्याला आपली गाडी तिथेच सोडावी लागली, आणि तो परत आला साहेबांच्या गाडीत, मागे, सेक्रेटरीला चिकटून, पाय पोटाशी घेऊन. साहेब पुढे, मान ताठ, आणि सिग्नलला इंजिन असं शांत, की बाजूच्या गाडीतले लोक काचा खाली करून ऐकत होते. त्या दिवसापासून आजच्या या घटकेपर्यंत गळतीसाहेब कुणाच्या म्हणून कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर...

"दाजी," स्टिअरिंगवरून हात न काढता मेव्हणा पुढून म्हणाला, "तो रुमाल सेक्रेटरींनी ऑफिसरसमोरच ओढून काढला होता आणि गाडी तिथल्या तिथे नापास झाली. पाहुण्यांना काय सांगायचं ते सांगा, पण पास झाली असती तर आत्ता माझ्या मागे बसून माझ्या पाठीत गुडघे कोण खुपसतंय?"